चित्र सपाट आलंय

शनिवार, ११ मे २०२४. निशी-कासाइ, तोक्यो

सकाळी नारिताला उतरले. ऋचा न्यायला आली होती. ती माझी भाची, पाच वर्षांपासून तोक्योत सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि राहते निशी-कासाइला. या भागात आपली माणसं इतकी, की स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच कानावर पडलेलं पहिलं वाक्य मराठी होतं. "अगं, दूध संपलंय, येताना घेऊन ये." कुणीतरी फोनवर बोलत होतं. रात्रभराचा शीण तिथेच निम्मा उतरला.

आज काहीच पाहिलं नाही. वरणभात जेवले आणि आता झोपणार. पण त्याआधी इथे का आले ते लिहून ठेवते.

मी साताऱ्यात एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. चोवीस वर्षं झाली. दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवते. वस्तुचित्रातल्या तांब्यावर उजेड कुठून पडतो, सावली कुठल्या बाजूला जाते, हे त्यांच्या बोटांत उतरेपर्यंत घोकून घेते. या चोवीस वर्षांत लाल पेन्सिलीने मी सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शेरा म्हणजे, "चित्र सपाट आलंय. शेडिंग कर."

गेल्या वर्षी आठवीतली एक मुलगी वहीच्या पानापानावर मोठ्या डोळ्यांची जपानी माणसं काढायची. रेघ इतकी ठाम की मला तशी एका दमात ओढता येणार नाही. तिच्या वहीवरही मी तोच शेरा लिहिला. ती म्हणाली, "मॅडम, हे सपाटच असतं. सपाट असतं म्हणून तर छान दिसतं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग वाचायला बसले. वाचता वाचता ताकाशी मुराकामी या चित्रकारापाशी आणि त्यांनी २००० साली रूढ केलेल्या 'सुपरफ्लॅट' या शब्दापाशी येऊन पोचले. फोनवर ऋचाला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मावशी, त्यांचं मोठं प्रदर्शन क्योतोत चालू आहे, सप्टेंबरपर्यंत. तुला मे महिन्याची सुट्टी आहेच. ये की."

आले.

रविवार, १२ मे. नाकानो

निशी-कासाइहून तोझाइ लाइन पकडली की गाडी न बदलता थेट नाकानो. शेवटचं स्टेशन. समोर छपराखालची लांब बाजारगल्ली आणि तिच्या टोकाला नाकानो ब्रॉडवे ही १९६६ सालची इमारत. वरच्या मजल्यांवर लोक राहतात, खाली दुकानं. सरकता जिना पहिल्या मजल्यावरून उचलतो तो एकदम तिसऱ्यावर सोडतो. दुसऱ्यावर जायचं तर साध्या पायऱ्या शोधायच्या. १९८० साली इथे 'मांदाराके' नावाचं जुन्या 'मांगा'चं, म्हणजे जपानी कॉमिकचं, दुकान सुरू झालं. आता त्याचेच कितीतरी गाळे या इमारतीत विखुरले आहेत. एकात फक्त खेळणी, एकात जुनी मासिकं, एकात अ‍ॅनिमेशनची कागदपत्रं. जपानीत ज्यांना 'ओताकु' म्हणतात, म्हणजे कॉमिक आणि कार्टूनच्या दुनियेत पार बुडालेली माणसं, त्यांची ही पंढरी.

मला तिथे एकच गोष्ट पाहायची होती. सेल. कॉम्प्युटर येण्याआधी कार्टून फिल्मसाठी जो पारदर्शक प्लॅस्टिकचा ताव वापरत, तो. ऋचाने दुकानदाराला विचारलं आणि त्याने एक फाइल काढून समोर ठेवली. पाकिटात एका मुलीचा चेहरा. पुढून पाहिला तर काचेसारखा गुळगुळीत. बारीक काळी रेघ आणि रेघेच्या आत एकसारखा रंग, कुठे कुंचल्याची खूण नाही. मी पाकीट उलटं केलं. मागच्या बाजूला सगळा कारभार उघडा पडला होता. रंगाचे जाड थर, कडेला साचून सुकलेला थेंब, केसांचा रंग गालाच्या रंगावर चढलेला, एके ठिकाणी घाईत भरलेला आणि भेगाळलेला पांढरा. रेघ पुढून, रंग मागून. पुढची सपाटी या मागच्या राड्यातून निघते. आपल्याकडे जुन्या वाड्यांत काचेमागून रंगवलेली चित्रं असायची, त्यांची आठवण झाली. तिथेही आधी दागिना, मग अंग, शेवटी पार्श्वभूमी, असा सगळा क्रम उलटा.

मी ते पाकीट बराच वेळ हातात धरून होते. दुकानदार काही बोलला नाही.

या सपाटीमागे पैशाची आणि वेळेची चणचणही होती. १९६३ च्या जानेवारीत जपानी टीव्हीवर दर आठवड्याला अर्ध्या तासाची कार्टून मालिका सुरू झाली. सेकंदाला २४ चौकटी लागतात, पण तितकी चित्रं काढायला ना माणसं होती ना पैसा. मग एकच चित्र तीन चौकटींपर्यंत धरून ठेवायचं, चेहरा स्थिर ठेवून नुसते ओठ हलवायचे, अशा युक्त्या निघाल्या. हालचाल कमी झाली तशी सगळी मदार चित्रावर आली. रेघ कशी वळते, अंगाचा झोक कसा आहे, यावरच नजर खिळली पाहिजे. योशिनोरी कानादा नावाच्या अ‍ॅनिमेटरने यातून स्वतःची शैली घडवली. त्यांनी काढलेले स्फोट खऱ्या धुरासारखे मुळीच दिसत नाहीत. आकारांच्या जिभा पडद्यावर नागमोडी पळतात. मुराकामींनी हे स्फोट होकुसाइ या जुन्या जपानी चित्रकाराच्या लाटांशेजारी ठेवले आणि दाखवलं की दोन्हीकडे नजर चित्राच्या आत शिरत नाही, पृष्ठभागावरून सरपटते, वळते, पुन्हा उसळते. सुपरफ्लॅट म्हणजे आधी हे. नजरेचं चालणं.

मी मुलांना लोपबिंदू शिकवते. सगळ्या रेघा एका ठिपक्यात मिळतात आणि पाहणारा एका जागी उभा राहतो. इथे तसा ठिपका नाही, उभं राहायला जागा नाही. डोळा फिरताच ठेवावा लागतो.

त्याच इमारतीत मुराकामींची छोटी दुकानं आहेत. हसऱ्या फुलांच्या उशा, पिना, छापील चित्रं. बारा पाकळ्या आणि मध्ये दात काढून हसणारा चेहरा. हे फूल कुठून आलं ते वाचलं होतं. मुराकामींनी पोटासाठी नऊ वर्षं कला महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेण्याच्या वर्गात शिकवलं. मुलांना रेखाटायला दर दोन दिवसांनी ते ताजी फुलं विकत आणायचे. आधी त्यांना त्या फुलांचा वास आणि आकार अस्वस्थ करायचा, पुढे प्रत्येक फुलाला चेहरा दिसायला लागला. म्हणजे जगभर विकलं जाणारं हे फूल परीक्षेच्या वर्गातून, टेबलावरच्या वस्तुचित्रातून उगवलंय. मी उशी विकत घेतली नाही. पण शिकवणारा माणूस वर्षानुवर्षं जे मुलांसमोर मांडतो तेच शेवटी त्याचं स्वतःचं होतं, हे मला तिथे उभं असताना फार जवळचं वाटलं.

सोमवार, १३ मे. झोजोजी

सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद. म्हणून शिबा भागातल्या झोजोजी मंदिरात गेलो. मागे तोक्यो टॉवर, पुढे मोठा लाकडी दरवाजा.

या मंदिराकडे कानो काझुनोबु या चित्रकाराचे शंभर पट आहेत. एकेका पटावर पाच, असे पाचशे अर्हत, म्हणजे निर्वाणपदाला पोचलेले बुद्धाचे शिष्य. काझुनोबु एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या कामाला लागला, त्याच काळात, १८५५ साली, एदोला, म्हणजे जुन्या तोक्योला, मोठा भूकंप झाला. १८६३ मध्ये तो वारला, तेव्हा काम संपत आलं होतं. उरलेले पट त्याच्या पत्नीने आणि शिष्याने पुरे केले.

२०११ च्या मार्चमध्ये जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी आली, तेव्हा मुराकामींना हे पाचशे अर्हत आठवले. त्यांनी स्वतःचे अर्हत काढले. उंची तीन मीटर, लांबी शंभर मीटर. शंभर मीटर म्हणजे आमच्या मैदानावरची पळण्याची अख्खी पट्टी. जपानभरच्या कला महाविद्यालयांतली दोनशेच्या वर मुलं कामाला बोलावली, पाळ्या लावून चित्र पुरं केलं. ते २०१२ मध्ये आधी कतारमध्ये दोहाला लागलं, कारण आपत्तीनंतर लगेच मदत देऊ करणाऱ्या देशांत कतार होता. तोक्योत ते २०१५ मध्ये आलं. तोवर मुराकामी म्हटलं की लोकांना बॅगा आणि खेळणी एवढंच आठवायचं. इतक्या मोठ्या दुःखाला हा कार्टूनचा रंग कसा चालेल, असं मलाही आधी वाटलं होतं.

मंदिराच्या एका बाजूने जिझोच्या छोट्या दगडी मूर्तींची रांग जाते. जिझो मुलांचा सांभाळ करणारा. वाढत्या मुलांसाठी लोक इथे मूर्ती ठेवतात, जन्माआधीच गेलेल्या बाळांसाठीही. वीतभर उंची, डोक्यावर लाल विणलेली टोपी, गळ्याशी लाल लाळेरं आणि बाजूला भिरभिरं. शेकडो. चेहरे सगळे जवळपास सारखे, डोळे मिटलेले, ओठांवर जेमतेम हसू. वारा नव्हता तोवर सगळं स्तब्ध होतं. मग वाऱ्याची झुळूक एका टोकाकडून आली आणि भिरभिरी एकामागून एक फिरत गेली. निळं, गुलाबी, पिवळं प्लॅस्टिक. जत्रेतलं असतं तसंच. एक बाई खाली वाकून एका मूर्तीची टोपी नीट करत होती.

ऋचा आणि मी काही न बोलता बाहेर आलो. जत्रेतला भडक रंग आणि बाळाच्या जाण्याचं दुःख या माणसांनी एका रांगेत ठेवलंय, आणि त्यात कुणालाच काही विसंगत वाटत नाही.

मंगळवार, १४ मे. तेन्नोझु, उएनो

आज रंगांच्या दुकानात दोन तास गेले आणि अजून दोन गेले असते तरी चाललं असतं. तेन्नोझुला 'पिगमेंट' नावाचं दुकान आहे. वर बांबूचं वळणदार छत आणि एका भिंतीवर जमिनीपासून वरपर्यंत काचेच्या बाटल्यांत रंगांच्या भुकट्या. साडेचार हजारांच्या आसपास.

यातल्या खनिज रंगांना 'इवाएनोगु' म्हणतात. दगड कुटून केलेले. निळा अझुराइटचा, हिरवा मॅलाकाइटचा. प्रत्येक बाटलीवर आकडा. आकडा लहान तर दाणा जाड आणि रंग गडद. आकडा वाढत जातो तसा दाणा बारीक होतो आणि रंग फिका. एकच दगड, पण पाचपासून तेरापर्यंत नऊ निळे. दुकानातल्या मुलीने दोन चिमटी निळा बशीत घेतला, प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला 'निकावा' डिंक कोमट करून त्यात घातला आणि बोटाने मळायला लागली. कुंचल्याने नाही, बोटाने, कणीक मळतात तसं. मग कागदावर एक पट्टा ओढला. ओला असताना काळपट, सुकल्यावर मात्र वाळूसारखा चमकला. वाकून पाहिलं तर प्रत्येक कण वेगळा. या रंगात दोन छटा एकमेकींत विरघळवून गोलाई आणणं अवघड. रंग शेजारी शेजारी, थरावर थर बसतो. अवजारच माणसाला सपाटीकडे नेतं.

मुराकामी याच परंपरेतले, 'निहोंगा' म्हणजे जपानी पद्धतीच्या चित्रकलेचे. तोक्योच्या कला विद्यापीठातून त्यांनी १९९३ मध्ये त्यात डॉक्टरेट घेतली. दुपारी उएनोला जाऊन त्या आवाराबाहेरून चक्कर मारली. तिथे पूर्वी असलेली तोक्योची सरकारी कलाशाळा १८८९ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिथे पाश्चात्त्य चित्रकला शिकवतच नव्हते. तो विभाग निघाला १८९६ ला. आपलं जे. जे. १८५७ चं, आणि तिथे सुरुवातीपासून युरोपचे साचे समोर ठेवून छायाप्रकाश शिकवला गेला. माझा लाल शेरा तिथून उतरत उतरत माझ्यापर्यंत आलाय, हे उएनोच्या रस्त्यावर चालताना पहिल्यांदा लक्षात आलं. जपानीत 'ललित कला' या अर्थाचा 'बिजुत्सु' हा शब्दसुद्धा १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनासाठी घडवावा लागला. त्याआधी पडदा, पंखा, किमोनो, छापील चित्र, असा उच्च-नीच भेद त्या अर्थाने नव्हता. मुराकामी सुपरफ्लॅट म्हणतात तेव्हा ही सपाटीही त्यांना अभिप्रेत असते. संग्रहालय आणि खेळण्याचं दुकान एका पातळीवर.

त्यांच्या कारखान्याचं नाव 'काइकाइ किकी' हेही जुनंच. सोळाव्या शतकातल्या कानो एइतोकुच्या चित्रांचं वर्णन या शब्दांनी करत. विलक्षण, अजब, पण मन ओढून घेणारं, असा काहीसा अर्थ.

सगळंच मला पटतं असं मुळीच नाही. नव्वदच्या दशकात त्यांनी ओताकुंच्या लैंगिक कल्पना माणसाएवढ्या पुतळ्यांत उतरवल्या, ते फोटोत पाहूनही मला नको झालं. बऱ्याच ओताकुंनाही ते आवडले नाहीत. आमचं घेऊन श्रीमंतांना विकलं, अशी त्यांची तक्रार. ती मला समजते.

बुधवार, १५ मे. क्योतो

शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सव्वादोन तासांत क्योतो. फुजी ढगात होता. संध्याकाळी रोक्काकुदो पाहिलं, उंच इमारतींच्या मधोमध षटकोनी छपराचं जुनं मंदिर. अंगणात एक षटकोनी दगड आहे, त्याला क्योतोची बेंबी म्हणतात. पाय दुखत होते. लवकर झोपलो.

गुरुवार, १६ मे. क्योतो, ओकाझाकी

साडेनऊलाच संग्रहालयापाशी होतो. १९३३ ची इमारत, २०२० मध्ये नव्याने खुली झालेली. मागच्या बागेतल्या तळ्यात मुराकामींचं सोनेरी फूल आणि त्याचं पिल्लू हातात हात घालून उभं आहे, तेही लुई व्हित्तॉनच्या एका भल्यामोठ्या पेटीवर. २००३ मध्ये या कंपनीच्या बॅगांवर मुराकामींचे रंग आले, तिथूनची ही पेटी. तळ्यात त्या सोन्याचं प्रतिबिंब आणि पलीकडे हिगाशियामाचे डोंगर. मला वाटलं होतं डोळ्याला खुपेल. खुपलं नाही. किनकाकुजीच्या, म्हणजे तळ्याकाठच्या सोन्याच्या मंदिराच्या, गावात सोनं पाण्याशेजारी ठेवायची सवय जुनी आहे.

शाळकरी मुलं खूप होती. क्योतोतल्या विद्यार्थ्यांना प्रवेश मोफत. जपानात कराचा काही भाग आपल्या पसंतीच्या गावाला देता येतो आणि गाव बदल्यात भेट पाठवतं. त्या योजनेत मुराकामींनी भेट म्हणून स्वतःची पत्त्यांसारखी कार्डं ठेवली, पैसा जमला आणि त्यातून मुलांची तिकिटं सुटली. आमच्याकडच्या मुलांना मुंबईत एक प्रदर्शन दाखवायचं तर एसटीच्या भाड्यापासून तयारी असते, म्हणून हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

आत शिरल्यावर लगेच ते मोठं चित्र. तेरा मीटरच्या आसपास रुंद. क्योतो शहर, आत आणि बाहेर. मूळ चित्र इवासा मातबेइ या चित्रकाराचं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं, घडीच्या पडद्यांच्या जोडीवर काढलेलं. ते तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात असतं. त्यात सुमारे अडीच हजार माणसं आहेत. उजवीकडे तोयोतोमी घराण्याने बांधलेलं महाबुद्धाचं मंदिर, डावीकडे त्यांचे प्रतिस्पर्धी तोकुगावा, त्यांचा निजो किल्ला. मध्ये सगळं शहर नाचतंय, भांडतंय, मासे विकतंय, पुलावरून उड्या मारत चाललंय. दूरचा माणूस लहान नाही, जवळचा मोठा नाही. सगळे एकाच मापाचे. रिकाम्या जागी सोनेरी ढग.

मुराकामींनी हेच चित्र मोठं करून पुन्हा काढलंय. गर्दीत मध्येच त्यांची स्वतःची पात्रं डोकावतात. एका छपरावर फूल, एका गल्लीत मोठ्या कानांचा मिस्टर डॉब. शेजारची दोन मुलं ती शोधत होती आणि सापडलं की बोट दाखवून ओरडत होती. मी चित्राच्या अगदी जवळ गेले आणि बाजूने पाहिलं. सरळ पाहताना एकसारखं वाटणारं ते सोनं बाजूने पाहिलं की उठावाचं निघालं. ढगांत कवट्या होत्या. सोन्यावर सोनं, म्हणून समोरून पटकन दिसत नाहीत. ढगभर कवट्या, आणि खाली नाचणारं शहर.

मातबेइची गोष्ट मला ठाऊक होती, पण अंगावर आली ती इथे. त्याचा बाप म्हणजे आराकी मुराशिगे हा सरदार. त्याने आपला धनी ओदा नोबुनागा याच्याविरुद्ध बंड केलं, किल्ला सोडून निसटला, आणि मागे राहिलेल्या बायकामुलांची कत्तल झाली. तान्हा मातबेइ तेवढा वाचला. ही कत्तल झाली ती याच क्योतोत, नदीकाठी. तो मोठा झाल्यावर त्याने त्याच गावाचं हे हसतं, नाचतं चित्र काढलं. आणि चित्रावरचा रंग सुकून फार दिवस झाले नसतील तोच १६१५ मध्ये तोयोतोमी घराणं संपलं.

ऋचा म्हणाली, "मावशी, मग हे आनंदाचं चित्र आहे की दुःखाचं?"

मी म्हटलं, "एकाच मापाचं आहे."

मातबेइ, सोगा शोहाकु, इतो जाकुचु अशा चक्रम वाटणाऱ्या चित्रकारांना एकत्र बांधून त्यांची परंपरा दाखवली ती नोबुओ त्सुजी या कला-इतिहासकाराने, १९७० साली. सुपरफ्लॅटचा पाया त्या मांडणीवर उभा आहे. पुढच्या एका दालनात अठरा मीटरचा लाल ढगातला अजगर आहे, शोहाकुच्या अजगरावरून काढलेला. त्याच्या लांबलचक शीर्षकातच गोष्ट आलीये. त्सुजीसरांनी टोमणा मारला, की कधीतरी स्वतःच्या हाताने काढून बघा की. मुराकामींना राग आला आणि त्यांनी तो स्वतः काढला, २०१० मध्ये. या चित्रात रंग ओघळलाय, शिंतोडे उडालेत, कुंचला कुठे थांबला ते कळतं.

हे मुद्दाम लिहायचं कारण, बाकीची चित्रं तशी नसतात. आधी हाताने रेखाटन, मग ते कॉम्प्युटरवर नेऊन रेघ साफ करायची, मग कॅनव्हासवर सिल्क स्क्रीनने छाप, रंगांना क्रमांक, पाळ्यांमध्ये काम करणारे मदतनीस, एका चित्राला शेकडो स्क्रीन. नाकानोतल्या सेलसारखंच. पुढे काच, मागे राडा. दिवसभर मी इतक्या गुळगुळीत पृष्ठभागांसमोर उभी होते की त्या लाल अजगरापाशी हात ओळखीचा वाटला. पण खरं सांगायचं तर परत फिरून गेले ते सोनेरी ढगांकडेच.

मध्येच एक काळोखं दालन होतं. क्योतोच्या चार दिशा राखणारे चार प्राणी चार बाजूंना, निळा अजगर, पांढरा वाघ, लाल पक्षी, काळं कासव, आणि मधोमध रोक्काकुदोवरून केलेला षटकोनी मनोरा. काल संध्याकाळी दुखऱ्या पायांनी गेलो ते वाया गेलं नाही.

भिंतींवर ठिकठिकाणी मुराकामींचं कार्टून रूप आणि त्यांचं हाताचं लिखाण. सबबी सांगणारं. काम उद्घाटनापर्यंत पुरं झालं नाही, अमुक का उशिरा, तमुक का बदललं. ऋचा वाचून दाखवत होती. बासष्ट वर्षांचा माणूस गृहपाठ न झालेल्या मुलासारखं कबूल करतोय, आणि तेही दालनाच्या भिंतीवर. मुलं ते वाचून खुदखुदत होती. मला ते फार प्रामाणिक वाटलं.

शुक्रवार, १७ मे. हिरोशिमा

मुराकामींनी सुपरफ्लॅटची तीन प्रदर्शनं मांडली. पहिलं २००० मध्ये तोक्योत सुरू झालं, दुसरं २००२ मध्ये पॅरिसला. तिसरं २००५ मध्ये न्यूयॉर्कला, आणि त्याचं नाव होतं 'लिटल बॉय'. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठला या गावावर पडलेल्या बॉम्बचं नाव. म्हणून हिरोशिमा.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. हरलेल्या देशाने स्वतःच्या जखमेकडे सरळ पाहिलं नाही. ती जखम मुलांच्या कार्टूनमध्ये, राक्षसांच्या सिनेमांत, गोंडस बाहुल्यांत जाऊन बसली. १९७५ मध्ये जपानी टीव्हीवर एक मुलांची विनोदी मालिका यायची. भागाच्या शेवटी खलनायकांचं यंत्र फुटायचं आणि कवटीच्या आकाराचा ढग वर यायचा. छत्रीसारखा ढग. मुलं हसायची. मुराकामींनी पुढे तो ढग घेऊन चित्रांची मालिका केली, सपाट रंगात, कवटीच्या डोळ्यांत फुलांची वलयं.

मुराकामींची आई कोकुराची. ९ ऑगस्टच्या दुसऱ्या बॉम्बचं पहिलं लक्ष्य कोकुरा होतं. आकाश झाकलेलं होतं, विमान पुढे गेलं आणि बॉम्ब नागासाकीवर पडला. त्या दिवशी तसं आकाश नसतं तर तू जन्मलाच नसतास, हे ती मुलाला सांगायची. तो ढग आणि हा ढग, दोन्ही एकाच घरात वाढलेले.

स्टेशनवरून ट्रामने स्मृती-संग्रहालयात गेलो. आत बोलण्यासारखं काही नसतं. जळलेला जेवणाचा डबा, तीनचाकी सायकल. मी सगळं लिहिणार नाही. एकाच वस्तूसमोर थांबले ते लिहिते.

एका बँकेच्या दारातल्या दगडी पायऱ्या काढून तिथे ठेवल्या आहेत. बॉम्ब फुटला त्या जागेपासून ही बँक २६० मीटरवर. बँक उघडायची वाट पाहत कुणीतरी त्या पायऱ्यांवर बसलं होतं. उष्णतेने दगड पांढरट पडला, आणि जिथे माणूस होता तेवढाच भाग गडद राहिला. डाग आता फिका झालाय. सांगितल्याशिवाय माणूस आहे हे कळत नाही. त्याला ना चेहरा, ना हात. कडा धूसर. मी सवयीने शोधत होते, उजेड कुठून आला. उजेड वरून आला, एका क्षणात, आणि माणसाचा दगडावर उरला तो एवढाच सपाट डाग.

पंचेचाळीस वर्षांच्या एका जपानी गृहस्थांनी, असावेत तेवढे, तिथे टोपी काढली आणि खाली वाकले. ऋचाने माझा हात धरला होता.

बाहेर मोतोयासु नदीच्या काठी बाकावर बसलो. शाळांच्या सहली आल्या होत्या, पिवळ्या टोप्या घातलेली लहान मुलं ओळीने चालली होती. दप्तरांना कार्टूनच्या बाहुल्या लटकत होत्या, जपानात कुठल्याही मुलाच्या दप्तराला लटकतात तशा. मी वही काढली. सात दिवसांत बरंच रेखाटलं होतं. सेलची मागची बाजू, भिरभिरी, बोटाने मळलेला निळा, अजगराचा डोळा. आज पानाच्या मधोमध पायऱ्यांच्या तीन आडव्या रेघा ओढल्या आणि पेन्सिल आडवी धरून एक डाग भरला, कुठेही कमी-जास्त दाब न देता.

परतीच्या गाडीत ऋचा वही चाळत होती. त्या पानावर थांबली.

"याला शेडिंग नाही केलंस?"

"नाही."

तिने पान उलटलं नाही. ओकायामा मागे पडलं होतं.